जर्मन मेजर घेऊ की मायनर?

बारावीचा निकाल लागला की परकीय भाषांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी त्यांतली जर्मनची पत्रं एकत्र घेतली आहेत. बऱ्याच पत्रांचा मुद्दा एकच होता, त्यामुळे तशा पत्रांचा मिळून एकच प्रश्न केला आहे. मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम विषय. उत्तरांत ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू ही नावं वारंवार येतील. हे भाषेचे युरोपभर मानले जाणारे सहा स्तर आहेत. ए-वन म्हणजे अगदी सुरुवात आणि सी-टू म्हणजे जवळपास मातृभाषेसारखी पकड.

प्रश्न : अकरावी-बारावीला मला जर्मन होती आणि बोर्डात ९४ गुण मिळाले. आता बी.ए.ला जर्मन मेजर घ्यायचं ठरवते आहे. तीन वर्षांत मी कुठपर्यंत पोचेन? कॉलेज निवडताना काय विचारायचं? (विद्यार्थिनी, नाशिक)

९४ गुण मिळाले म्हणजे तुझं पाठ्यपुस्तक पक्कं आहे. तुझा स्तर मात्र त्यावरून कळत नाही, आणि मेजरचं सगळं नियोजन स्तरावर चालतं. म्हणून आजच घरी एक चाचणी घे. घड्याळ लाव, कोश बंद कर. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तुला जाता आलं नाही. का जाता आलं नाही ते सांगणारा आणि पुन्हा कधी भेटायचं ते सुचवणारा ई-मेल जर्मनमध्ये लिही. शब्द साधारण ८०, वेळ २० मिनिटं. बी-वन परीक्षेतल्या लेखनाचं पहिलं काम अगदी असंच असतं. भूतकाळ आणि 'वाइल' लावून केलेली कारणाची वाक्यं वापरून मजकूर पुरा झाला, तर तू बी-वनच्या आसपास आहेस. चाळीस शब्दांवर गाडी अडली तर ए-टूला आहेस. बारावीला भरघोस गुण मिळवलेली बरीच मुलं इथे अडतात. उत्तरं पाठ करून लिहिण्याची सवय झालेली असते आणि स्वतःचं वाक्य जुळवायची वेळ आलेलीच नसते.

कॉलेजला विचारायचा पहिला प्रश्न असा : पहिलं सत्र कोणत्या स्तरापासून सुरू होतं? अनेक ठिकाणी ते शून्यापासून सुरू होतं, कारण वर्गात बारावीला जर्मन नसलेलीही मुलं असतात. तुझ्यासारखीचं नुकसान इथेच होतं. पहिले सहा महिने सगळं येत असतं, हजेरी ढिली पडते, वही कोरी राहते. तिसऱ्या सत्रात वेग वाढतो आणि चौथ्यात अख्खा, न सुलभ केलेला मजकूर पुढे येतो. शून्यातून आलेली, पण रोज वही भरणारी मुलं तोवर पुढे निघून गेलेली असतात. स्तर-चाचणी घेऊन वरच्या गटात बसवतात का, ते विचार. बसवत नसतील तर पहिलं वर्ष वर्गात फक्त बोलण्याचा सराव कर आणि बी-वनचं पुस्तक घरी स्वतः सोडव.

आता तासांचा हिशेब. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या चौकटीनुसार तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची असते आणि त्यांतली ६० मेजरची. चार वर्षांच्या ऑनर्सला एकूण १६० पैकी ८० मेजरची. व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, तेव्हा ६० क्रेडिटचे ९०० तास झाले. ऐकायला हे खूप वाटतात, पण मेजरमध्ये नुसती भाषा नसते. साहित्य, भाषाविज्ञान, अनुवाद आणि जर्मन भाषक देशांचा इतिहास हे सगळं त्याच तासांत बसवायचं असतं. निव्वळ भाषेला निम्मे, म्हणजे ४५० तास मिळाले असं धर. जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट (आपल्याकडचं मॅक्स म्यूलर भवन) तासिका ४५ मिनिटांची मोजते, त्या हिशेबाने या ६०० तासिका झाल्या. बी-टूपर्यंत पोचायला त्यांच्याच अंदाजाने सुरुवातीपासून ६०० ते ८०० तासिका लागतात, सी-वनला ८०० ते १०००. म्हणजे तीन वर्षांच्या मेजरने तू बी-टूच्या उंबरठ्यावर येतेस. उंबरठा ओलांडायला वर्गाबाहेर रोजचा एक तास हवा, आणि तो पहिल्या सत्रापासून हवा. तिसऱ्या वर्षी एकदम जोर लावून ही तूट भरत नाही.

त्यामुळे वर्षवार बेत असा ठेव. पहिलं वर्ष संपताना बी-वनची तयारी पुरी, दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत बी-वनचं प्रमाणपत्र हातात. पाचव्या सत्रात बी-टू. सहाव्या सत्रात दुसरी कोणतीही परीक्षा अंगावर घेऊ नकोस, कारण प्रकल्प, विद्यापीठाची परीक्षा आणि पुढच्या प्रवेशांचे अर्ज एकाच वेळी येतात. चौथं वर्ष संशोधनासह करायचं असेल, तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. तेव्हा पहिल्या सत्राचे गुणही जप.

शब्दसंग्रहालाही आकडा असतो. गोएथेच्या याद्यांत ए-वनला साधारण ६५०, ए-टूला १३०० आणि बी-वनला २४०० शब्द आहेत. त्या याद्या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बी-वनची यादी छापून घे आणि येणाऱ्या शब्दांवर काट मार. उरलेले किती ते दिसलं की रोजचा वाटा किती ते आपोआप ठरतं. ऐकण्यासाठी डॉइचे वेलेच्या मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या रोज ऐक, त्यांचा लिखित मजकूरही सोबत असतो. आधी न पाहता ऐक, मग वाच, मग परत न पाहता ऐक. तिसऱ्या वेळी जे निसटेल तेवढंच वहीत उतरव.

कॉलेजांबद्दल. पुण्यात फर्ग्युसनमध्ये जर्मन विभाग आहे. तिथून जवळच, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात, पुणे विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग आहे. तिथे अर्धवेळ अभ्यासक्रमही चालतात आणि एम.ए.ही होतं. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिन्याला. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादची इफ्लू (इंग्रजी आणि विदेशी भाषांचं विद्यापीठ) यांचा जरूर विचार कर. दोन्हीकडे बी.ए. ऑनर्सचा मुख्य विषयच जर्मन असतो आणि भोवतीची मुलंही भाषाच शिकणारी असतात. कुठेही जा, पण त्या विभागातल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठून विचार : वर्गात शिक्षक किती वेळ जर्मनमध्ये बोलतात? माहितीपत्रकात हे सापडणार नाही, आणि विभागाचा दर्जा याच्याइतका दुसऱ्या कशानेही कळत नाही.

प्रश्न : मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला आहे. मायनर म्हणून जर्मन घेतलं तर नोकरीच्या उपयोगाचं होईल का? आमच्याकडे दोन क्रेडिटचं ओपन इलेक्टिव्हही आहे, ते पुरेल का? (विद्यार्थी, कोल्हापूर)

दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. गोएथेच्या भाषेत ४० तासिका. ए-वनला कमीत कमी ८० लागतात, तेव्हा या इलेक्टिव्हने ए-वनचा फार तर अर्धा पल्ला गाठला जातो. भाषा आवडते की नाही हे चाखून बघायला ते ठीक आहे. बायोडेटात 'जर्मन येते' असं त्यावर लिहू नकोस, मुलाखतीत दुसऱ्याच वाक्याला उघडं पडायला होतं.

मायनरचं गणित बरं आहे. यूजीसीच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीत मायनरला २४ क्रेडिट धरले आहेत, म्हणजे ३६० तास किंवा ४८० तासिका. हे बी-वनच्या पट्ट्यात येतं, कारण बी-वनला ३५० ते ६५० तासिका सांगितल्या आहेत. काही कॉलेजांच्या तक्त्यात मायनर १८ किंवा २० क्रेडिटचा असतो. तेव्हा ३६० ते ४०० तासिका होतात आणि बी-वन जेमतेम सुरू होतं. तेव्हा आधी आपल्या कॉलेजचा तक्ता बघ आणि क्रेडिट मोज.

नोकरीच्या जाहिरातींत जर्मनसाठी बहुतेक वेळा बी-टू किंवा सी-वन लिहिलेलं असतं. म्हणजे मायनर आणि नोकरी यांच्यात एक पायरी कमी पडते, ती तुलाच बांधायची आहे. पाचव्या-सहाव्या सत्रात संध्याकाळचा बी-टूचा वर्ग लाव, किंवा पदवीनंतरचे सहा महिने त्यालाच दे. कॉम्प्युटर पक्कं आणि जर्मन बी-टू अशी जोडी असलेल्या उमेदवाराला मागणी असते. जर्मन बी-वन आणि कॉम्प्युटर कच्चं, ही जोडी कुणालाच नको असते. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात दोन्हींतलं एकच नीट करता येणार असेल, तर मेजरला आधी वेळ दे.

मायनर कुठे फसतो तेही सांगतो. पहिली अडचण वेळापत्रकाची. प्रॅक्टिकल आणि जर्मनचा तास एकाच वेळी येतात. दुसरी, मुलं गळतात, तुकडी लहान होते आणि पुढच्या सत्राचा वर्गच निघत नाही. प्रवेशाच्या वेळी विभागप्रमुखांना थेट विचार : गेल्या तुकडीचा जर्मन मायनर शेवटच्या सत्रापर्यंत चालला का? आणि तिसरी, मायनरचा तास आठवड्यातून दोनदाच असेल तर मधल्या पाच दिवसांत मागचं पुसलं जातं. त्या पाच दिवसांत रोज २० मिनिटं दिलीस, तर आठवड्याला पावणेदोन तासांच्या आसपास भर पडते. भाषेला एका दिवसाच्या चार तासांपेक्षा रोजची २० मिनिटं जास्त मानवतात.

प्रश्न : 'डेअर, डी, डास' पाठच होत नाहीत. शिक्षक म्हणतात घोका. लिंग लक्षात ठेवायला काही नियम आहेत का? इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे सोपं जातं का? (विद्यार्थिनी, पुणे)

उलट आहे. घरात मराठी बोलणाऱ्याला जर्मन शिकताना इंग्रजीपेक्षा मराठीच कितीतरी जास्त साथ देते. वर्गात पुस्तक इंग्रजी, समजावणं इंग्रजीतून, त्यामुळे मुलं आपली मराठी दाराबाहेर ठेवून आत येतात आणि तिथेच अडतात. म्हणून या उत्तराला जागा जरा जास्त देतो.

लिंगापासून सुरू करू. 'डेअर, डी, डास' म्हणजे आपले तो, ती, ते, आणि तो, ती, ते आपल्याला आईच्या मांडीवर मिळालेलं आहे. टेबल 'ते' का आणि खुर्ची 'ती' का, हे आपण कधी विचारलं नाही. जर्मनही तसंच घ्यायचं. 'मुलगी'साठीचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हटल्यावर सगळे हसतात. त्याचं कारण शेवटचं '-शेन', म्हणजे लहानपण दाखवणारा प्रत्यय. असे सगळे शब्द 'डास' घेतात. आपल्याकडे वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू ही लहानखुरी मंडळी कोणत्या लिंगाची आहेत? ते वासरू, ते लेकरू. तीच मनाची ठेवण.

जोडशब्दाचा नियमही आपलाच. जर्मन जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं. 'हाउस' म्हणजे घर, ते 'डास'. 'ट्यूर' म्हणजे दार, ती 'डी'. घराचं दार 'डी हाउसट्यूर'. स्वयंपाकघरात बघ : ती पोळी, तो पाट, आणि दोन्ही मिळून तो पोळपाट. चार-चार शब्दांचा जर्मन जोडशब्द आला तरी घाबरायचं नाही, शेपटी धरायची.

बाकी बरंच काम प्रत्यय करतात. शेवटी '-उंग', '-हाइट', '-काइट' किंवा '-शाफ्ट' असेल तर 'डी'. वार, महिने आणि ऋतू 'डेअर'. क्रियापदाचं मूळ रूप नाम म्हणून वापरलं की 'डास'. हे पाठ झालं की बराच भार हलका होतो. उरलेले शब्द घोकायचे, पण नुसते घोकायचे नाहीत. शब्द वहीत लिहितानाच तीन रंग ठेव, आणि टेबलासाठी नुसतं 'टिश' असं कधीच लिहू नकोस, 'डेअर टिश' असंच लिही. लिंगाशिवाय पाठ केलेला शब्द पुढे दुरुस्त करायला दुप्पट कष्ट पडतात.

आता वाक्यरचना. 'मला ते आवडतं' हे जर्मनमध्ये 'एस गेफेल्ट मिअर'. यातला 'मिअर' म्हणजे आपला 'मला'च. 'मला थंडी वाजतेय' याला 'मिअर इस्ट काल्ट'. इंग्रजीतून विचार करणारा 'इश बिन काल्ट' म्हणून मोकळा होतो, आणि त्याचा अर्थ माणूस थंड मनाचा, कोरडा आहे असा निघतो. आकड्यांचंही तसंच. एकवीसमध्ये आपण एक आधी म्हणतो आणि वीस नंतर, जर्मनही 'आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस असंच म्हणतात. इंग्रजीतून आकडे शिकलेली मुलं फोन नंबर लिहून घेताना उलटसुलट करतात. पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं हाही नियम पुस्तकात मोठ्या चौकटीत छापलेला असतो, मराठी माणसाला तो घरचा आहे.

पण मराठी दोन ठिकाणी पायही ओढते, तेही माहीत हवं. 'मी त्याला पाहिलं' आणि 'मी त्याला पुस्तक दिलं', दोन्हीकडे आपला 'त्याला'च. जर्मनमध्ये पहिल्यात 'ईन' आणि दुसऱ्यात 'ईम'. एका '-ला'मध्ये दोन विभक्ती लपल्या आहेत. ओळखायची खूण : वाक्यात आणखी एखादी वस्तू दिली-घेतली-सांगितली जात असेल, तर ज्याला दिली त्याचा 'ईम'. दुसरी जागा '-त' प्रत्ययाची. 'मी घरात आहे' आणि 'मी घरात जातो'. आपण दोन्हीकडे 'घरात' म्हणतो. जर्मन असताना 'इम हाउस' आणि जाताना 'इन्स हाउस'. मनात 'कुठे आहे?' विचारायचं आणि 'कुठे निघालं?' विचारायचं. पहिल्याला 'ईम'सारखी रूपं म्हणजे दाटीफ, दुसऱ्याला कर्माची रूपं म्हणजे अकुझाटीफ.

उच्चाराबद्दल एक गोष्ट. जर्मन 'त्साइट', म्हणजे वेळ, यातला पहिला ध्वनी आपल्या 'चांगला'तला दंततालव्य च आहे. तो जिभेवर तयारच आहे. पण मराठीत इ आणि ए यांच्या आधी हा च 'चिंच', 'चेहरा'सारखा होतो. म्हणून मराठी मुलं 'त्साइट' बरोबर म्हणतात आणि खोलीला मात्र 'चिमर' म्हणून बसतात. 'त्सिमर', 'त्सेन' हे शब्द 'चांगला' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच टेकवून दहा वेळा म्हण. फोनवर आवाज टिपून ऐक, फरक लगेच कळतो.

प्रश्न : मुलगी हट्टाने जर्मनमध्ये बी.ए. करते म्हणते. हुशार आहे. पण याचं पुढे काय होतं? आम्हाला स्पष्ट उत्तर हवं आहे. (पालक, सातारा)

स्पष्ट सांगतो. पदवीच्या कागदापेक्षा स्तराच्या प्रमाणपत्रावर काम मिळतं. बी.ए. जर्मन आणि सी-वन असलेल्या मुलीला अनुवाद, कंपन्यांतला जर्मनीशी होणारा पत्रव्यवहार आणि कागदपत्रं, ग्राहकसेवा, शिकवणी असे रस्ते खुले असतात. पुण्याभोवती जर्मन कंपन्या बऱ्याच आहेत. चाकणला फोक्सवागन आणि मर्सिडीझ-बेंझचे कारखाने आहेत. तिथलं काम भाषेसोबत दुसरंही काही येणाऱ्याला लवकर मिळतं. बी.ए. झालं, पण बी-वनच्या पुढे गेली नाही, असं झालं तर रस्ते फार थोडे उरतात. तेव्हा मुलीशी अट घालायचीच असेल तर गुणांची घालू नका, स्तराची घाला : पदवीच्या आत बी-टू.

शिकवण्याची आवड असेल तर वाट ठरलेली आहे. शाळेसाठी बी.एड., कॉलेजसाठी एम.ए. आणि नेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. यूजीसी-नेटला जर्मन हा स्वतंत्र विषय आहे. आणि मायनर विचारपूर्वक निवडायला सांगा. अर्थशास्त्र, कॉम्प्युटर, कॉमर्सचा एखादा विषय किंवा मानसशास्त्र. अनुवाद करणाऱ्याला भाषा लागते तितकाच विषयही लागतो. यंत्राचं माहितीपुस्तक अनुवादायला घेतलं आणि बेअरिंग म्हणजे काय ते माहीत नसेल, तर नुसती जर्मन काही कामाची नाही.

हल्ली मशीन अनुवाद फुकट मिळतो, मग माणूस कशाला, असं तुम्ही पुढे लिहिलं आहे. साधी पत्रं यंत्र करतं, हे खरंच. त्यामुळे बी-वनच्या कामाला किंमत कमी झाली. यंत्राने केलेलं तपासून चूक पकडणारा माणूस लागतो आणि त्यासाठी सी-वन लागतो. मुलीने वर चढावं, याला हे आणखी एक कारण.

प्रश्न : माझं मेजर संस्कृत आहे. सर म्हणतात जर्मन मायनर घे. संस्कृतला जर्मन कशाला? (विद्यार्थी, पुणे)

सरांचं ऐक. एकोणिसाव्या शतकापासून संस्कृतवरचं फार मोठं काम जर्मनमध्ये झालं आणि त्यातलं बरंच अजून दुसऱ्या भाषेत आलेलं नाही. ब्योटलिंक आणि रोट यांचा सेंट पीटर्सबर्गहून निघालेला सात खंडांचा कोश, १८५५ ते १८७५, संस्कृत-जर्मन आहे. वेदांवर काम करायचं तर तो उघडावाच लागतो. पुण्याचा आणि जर्मनीचा धागाही जुना. रा. गो. भांडारकरांना ग्योटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. स. सुखटणकर बर्लिनला शिकले होते, आणि रा. ना. दांडेकरांची पीएच.डी. हायडेलबर्गची.

तुझा बेत मात्र इतरांपेक्षा वेगळा हवा. तुला वाचायची जर्मन हवी. बोलणं बी-वनला थांबलं तरी चालेल, वाचन सी-वनकडे न्यायचं. तिसऱ्या सत्रापासून रोज अर्धं पान जुन्या अभ्यासकांचं वाच. वाक्यं लांब असतात, दहा-दहा ओळींची. आधी क्रियापद शोध, मग कर्ता, मग पोटवाक्यं कंसात टाक. संस्कृत अन्वय लावायची सवय आहेच, तीच इथे वापर. विभक्ती, लिंग, समास तुला नवे नाहीत. अडचण जुन्या पुस्तकांच्या छपाईची येईल. फ्राक्टुर नावाची कोनदार लिपी असते आणि तिच्यातला लांब एस एफसारखा दिसतो. एक आठवडा रोज एक पान मोठ्याने वाचलंस की डोळ्याला ती बसते.

प्रश्न : बी.ए. जर्मन करून जर्मनीत मास्टर्सला जायचं आहे. तयारी कधी सुरू करू आणि किती खर्च धरू? (विद्यार्थिनी, ठाणे)

भाषेच्या विषयात मास्टर्स करायचं, उदाहरणार्थ जर्मन परभाषा म्हणून शिकवण्याचं, तर सी-वन धरूनच चाल. टेस्टडाफ ही विद्यापीठ-प्रवेशासाठीची जर्मन भाषेची परीक्षा दिलीस तर साधारणपणे चारही भागांत चौथी पातळी मागतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या केंद्राचं, प्रमाणपत्र बंधनकारक आहे, त्याचं शुल्क १८,००० रुपये. त्याला वेळ लागतो, म्हणून पाचव्या सत्राची गुणपत्रिका आली की कागद जमवायला घे. नाव सगळीकडे एकसारखं आहे का बघ. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मध्ये आणि पासपोर्टवर नाही, यावर अर्ज अडकतात.

अनेक विद्यापीठं युनि-असिस्ट या परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज घेतात : पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. तो बदलत आला आहे, तेव्हा भरण्याच्या आठवड्यात वकिलातीच्या पानावर पुन्हा पाहा. हे पैसे फी नव्हेत, महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तुझ्याच राहण्या-जेवणाला परत मिळतात. सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी बहुतेक ठिकाणी नसते, पण बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन त्याच राज्यात येतात, हे अर्ज करताना ध्यानात ठेव.

प्रश्न : कॉलेज न करता सरळ मॅक्स म्यूलर भवनात सी-वनपर्यंत शिकलं तर? (विद्यार्थी, अहिल्यानगर)

भाषा उत्तम येईल, कदाचित कॉलेजपेक्षा लवकर. पण ते पदवीच्या जागी चालत नाही. एम.ए., नेट, बी.एड., जर्मनीतलं मास्टर्स, सगळीकडे पदवी लागते. कुठल्याही विषयाची पदवी करत करत तिथे शिकणं हा मार्ग चांगला आहे. साहित्य, अनुवाद, भाषाविज्ञान यांत रस नसेल तर मेजरपेक्षा तोच बरा.

प्रश्न : बी-टूच्या परीक्षेत वाचन, श्रवण, संभाषण पास झालो, लेखनात ५४ गुण मिळाले. सगळी परीक्षा पुन्हा द्यायची का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

नाही. गोएथेच्या बी-वन, बी-टू आणि २०२४ पासून सी-वनच्याही परीक्षेत चार भाग स्वतंत्र असतात. प्रत्येक १०० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला ६०. फक्त लेखन पुन्हा दे.

५४ वर अडायचं नेहमीचं कारण भाषा नसतंच. बी-टूच्या लेखनाला ७५ मिनिटं असतात आणि दोन कामं : चर्चेतलं मत, किमान १५० शब्द, आणि औपचारिक निरोप, किमान १०० शब्द. प्रत्येकात चार मुद्दे दिलेले असतात. मुलं पहिले दोन फुलवतात, तिसऱ्याला एक ओळ देतात, चौथा राहतो, आणि मग आशयाचे गुण जातात. पहिल्या कामाला ५० मिनिटं आणि दुसऱ्याला २५ ही वाटणी मोडू नकोस. लिहिण्याआधी चारही मुद्दे समासात एकेका शब्दात मांड आणि लिहून झाला की एकेक खोड. निरोपात वरिष्ठांना 'झी' म्हणायचं सुरू केलंस तर शेवटपर्यंत 'झी'च ठेव. मध्येच 'डू' आलं तर परीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही, जसं आपल्याकडे साहेबांच्या अर्जात मध्येच 'तू' यावं. शेवटची पाच मिनिटं फक्त क्रियापदांकडे बघ : मुख्य वाक्यात दुसऱ्या जागी, 'वाइल' (कारण) आणि 'की' या अर्थाच्या 'डास'नंतर शेवटी.